समजतंय तोवर

छकुलीच्या आईस,

इकडे सगळं ठीक आहे. जावई सकाळी स्वतः चहा करून देतात. तुझा गुडघा कसा आहे? जिना जपून उतर.

फोनवर ऐनवेळी शब्द सापडत नाहीत, म्हणून लिहितो. तुला शंका होती तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, हा विसरभोळेपणा आता वाढतच जाणार. मग समजतंय तोवरच वकीलबाईंकडे जाऊन आलो. छकुलीला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "कुणाची जबरदस्ती नाही ना?"

म्हटलं, "चाळीस वर्षं बायकोची आहे, पण आज नाही."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मृत्युपत्रात घर तुझ्या नावे लिहिलंय. माझ्या दवापाण्याचं तुम्ही मायलेकींनी ठरवायचं. तुला ओळखेनासा झालो, अंगावर धावून आलो, तर मला अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचं, हेही लिहून दिलं. छकुली वाचून रडली.

तिथे सोडून निघशील तेव्हा मी तुझा हात धरून "मला घरी ने" म्हणेन. त्या वेळी माझं ऐकू नकोस. आज शुद्धीत सांगतोय तेच माझं म्हणणं समज.

अजून तरी तुझाच,
मी