ओढ्यापलीकडचं घर

प्रिय कॉर्लिस,

फोनच केला असता, पण या दरीत मोबाईलला अजून रेंज नाही आणि घरचा फोन आईच्या खुर्चीला चिकटलेला. तिला एरवी ऐकू येत नाही, पण आपल्याबद्दल कुणी बोललं की बरोबर येतं. म्हणून हे पत्र. ती खिडकीशी बसून लेफ्सेच्या पातळ पोळीला लोणी फासतेय आणि मी ऑफिसचं काम करतेय अशी तिची समजूत आहे. फार चुकीची नाही.

तुमच्या ॲरिझोनात आता पंखे लागले असतील. इथं विस्कॉन्सिनमध्ये सावलीतला बर्फ अजून हटायला तयार नाही. परवा गॅसची टाकी भरणारा ट्रक आपल्या वाटेवर, ओढा ओलांडायच्या मोरीपाशी रुतला. ड्रायव्हरने मला वर तोंड करून सुनावलं, "बाई, तुम्ही दोघी अशा जागी राहता तरी कशाला?" आईला हे ऐकू आलं. तिने त्याला कॉफी पाजली आणि कप धुता धुता म्हणाली, "याची आजी याच दरीतली. आणि आता बघा शहाणा!"

मी काय काम करते ते तू लोकांना "ती ओढ्यांचं काहीतरी बघते" असं सांगतेस, माहितेय मला. तर नीट ऐक. ओढे आणि पाणथळ जागा पुन्हा पहिल्यासारख्या करायच्या, तर आधी कंपन्या त्याचा आराखडा लिहितात, तो आमच्या ऑफिसात येतो आणि मी तो वाचून परत पाठवते. पहिल्या फेरीत मी कुणालाच पास केलेलं नाही. एक शब्द मला दिसला की डोकं फिरतं: "आवश्यकतेनुसार". आवश्यकतेनुसार रोपं पुन्हा लावली जातील, आवश्यकतेनुसार काठाची डागडुजी केली जाईल. मी समासात लिहिते, कोण करणार? कधी? आवश्यकता आहे हे ठरवणार कोण? आणि नाही जमलं तर काय? ऑफिसात मला पाठीमागे "कोण-कधी बाई" म्हणतात. म्हणू देत. मेलेली रोपं बघायला ते येत नाहीत, मी जाते.

आणि इतकी वर्षं दुसऱ्यांचे ओढे वाचल्यावर आपलाच ओढा टेबलावर आला. आपल्या धाकट्या डेल्मरने गाई विकल्यापासून खालची कुरणं पडूनच होती, ते तुला माहीत आहे. अशाच एका कंपनीला तिथे दलदल परत आणायची आहे. आजोबांनी सरळ केलेला ओढा पुन्हा वळणावळणाने सोडायचा, चर बुजवायचे, लव्हाळी उगवू द्यायची. घरचीच जमीन म्हणून मी ऑफिसात लिहून दिलं की या आराखड्याला मी हात लावणार नाही. तो माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वाचला आणि छान आहे म्हणाले. छान आहेच, गं. लिहिणाऱ्याने जमिनीत खोल खणून जुनी काळी माती शोधलीय आणि दलदल कुठंवर होती ते त्यावरून ठरवलंय. घरची म्हणून मीही वाचला, आणि वाचताना मला रडू आलं, खरंच सांगते.

आईला मी नकाशा दाखवला. ती चष्मा वर-खाली करत म्हणाली, "यात मी कुठंय?" झाडाखालचा बारका चौकोन मी दाखवला. त्यावर लिहिलं होतं, शेड, वापरात नाही. विमानातून काढलेल्या फोटोत झाडांआडून तेवढंच दिसलं असणार. आई हसून हसून खोकायला लागली. "मी वापरात नाही? तुझ्या बापाला सांगायला हवं होतं!" मग तिने बोटाने कुरणाची कड फिरवली आणि म्हणाली, "मी नवी नवरी आले तेव्हा इथं क्रौंच उतरायचे. सासऱ्यांनी चर खणले आणि ते गेले. आता या खिडकीतून बघीन. टीव्हीवर नको मला, इथूनच." 

तिला एक गोष्ट दिसली नाही, मला दिसली. ओढ्याच्या दोन्ही काठांना राखीव पट्टा आखतात. त्यात कायमची बंदी असते, गाडी नाही, रस्ता नाही, काही नाही. मधे कुणाची वाट असेल तर तेवढी फट सोडून पट्टा आखायचा असतो. पण फट सोडली की तेवढा ओढा कंपनीच्या कमाईच्या हिशेबातून जातो, म्हणून नकाशावाल्यांना सलग रेघेचा फार सोस. आणि पाहणीला आले ते सगळे डेल्मरकडे गाड्या लावून, गमबूट घालून पाण्यातून फिरले. आपली वाट त्यांनी वापरलीच नाही. रेघ सरळ आपल्या मोरीवरून गेलीय. मोरी माशांना आडवी येते म्हणून उन्हाळ्यात ती उखडणार. मागे तो उभा कडा, दुसरी वाटच नाही. मग गॅसचा ट्रक, बर्फ काढणारी गाडी, ॲम्ब्युलन्स, कुणीच आईपर्यंत पोचणार नाही.

मागे एका शुक्रवारी मासे खायला गेलो तेव्हा मी डेल्मरला सांगितलं. कंपनीच्या कागदांवर त्याची सही झालीय. तो म्हणाला, "अगं ताई, चांगली माणसं आहेत ती, हात मिळवलाय मी. आईला कोण अडवतंय? लागलंच तर बघू." लागलंच तर! मी काटा खाली ठेवला. दुसरा कुणी असता तर त्याला तिथेच फाडून खाल्लं असतं. पण मी गप्प बसले, बटाटे संपवले आणि घरी आले.

का गप्प बसले ते सांगते, आणि हे सांगायला मला आजवर कुणी मिळालेलं नाही. मला हलकं वाटलं, कॉर्लिस. वाट बंद झाली तर आईला गावातल्या वृद्धाश्रमात न्यावंच लागेल. मी नेलं असं कुणी म्हणणार नाही. ओढ्याने नेलं, सरकारने नेलं, नकाशाने नेलं. आणि मी सुटेन. रात्री तीनदा उठायचं नाही, बाथरूममध्ये धरून उभं राहायचं नाही, कुठंही जाताना आधी घड्याळ बघायचं नाही. मी तिच्यावर जीव टाकते, आणि या घरात माझा जीव घुसमटतो. दोन्ही खरं आहे. पुढचे कितीतरी दिवस मी ती रेघ आणखी कुणालाच दाखवली नाही. काल आई काठी टेकत मोरीपर्यंत गेली, पत्रपेटी उघडली, रिकामीच होती. परत येताना मधेच थांबून कुरणाकडे बघत राहिली. क्रौंच आले का, म्हणून. अजून चर बुजवलेलेसुद्धा नाहीत, आणि ही बघतेय! मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी आत जाऊन भांडी घासली, स्वच्छ होती तरी.

जमीन डेल्मरच्या आणि तुझ्या नावावर आहे आणि तुझी सही अजून बाकी आहे. कागद या आठवड्यात तुझ्याकडे येतील. सही करू नकोस. त्यांना लिही की मोरीच्या जागी छोटा पूल हवा, पट्ट्यात वाटेपुरती फट हवी, आणि त्या चौकोनावर "घर, राहतं" असं लिहायला हवं. ते करतील, माणसं खरंच चांगली आहेत. पण एवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही, हे तर डेल्मरला दटावूनही झालं असतं. नाताळात तू म्हणालीस, "जमेल तसं येईन गं." त्याआधीच्या नाताळातही तेच म्हणालीस. मी आजवर तुझ्या समासात काही लिहिलं नाही, आज लिहिते. कोण येणार? कधी? किती दिवस? आणि नाही आलीस तर काय? पूल झाला की ये आणि बर्फ वितळेपर्यंत आईजवळ राहा. वाट उघडी राहायला हवी, ती आईकडे येणाऱ्यांसाठी. आणि एकदा, कॉर्लिस, एकच हिवाळा, मला त्या वाटेने बाहेर जायचंय.

दारात तुझी वाट बघणारी, तुझीच,
आर्लिस