बदामांच्या गावात न विचारलेलं

टौरंगा,
गुरुवार, ६ मार्च २०२५

प्रिय स्वानंदी,

खूप खूप आशीर्वाद. किवीची तोडणी सुरू झालीय, त्यामुळे शीतगृहाची मशिनं आणि मी, दोघांनाही उसंत नाही. आई बरी आहे, असं लिहिणार होतो. तिच्याविषयी पुढे लिहितो.

स्पेनहून येऊन मला तीन आठवडे झाले, पण मन अजून तुझ्या गावाच्या वाटांवर फिरतंय. बदाम फुललेले, दगडी बांधांवर शेळ्या, आणि दुपारी दोनला सगळं गाव दारं लावून गप्प. टेकडी चढलं की दूर समुद्राची निळी रेघ. किनाऱ्यावर हॉटेलांची रांग, आणि अर्ध्या तासावर तुझ्या गल्लीत एकच दुकान, तेही पाव संपले की बंद. मी म्हटलं, "इथे आहे तरी काय?" तू म्हणालीस, "काहीच नाही, बाबा. आणि वेळ हीप्स आहे, ढीगभर."

तेव्हा बोललो नाही, पण ते गाव मला लगेच कळलं. राजापूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव असंच. समुद्र दोन डोंगरांपलीकडे. वाऱ्याला मीठ लागायचं, पण वर्गातल्या निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मास्तर शाळेच्या ओट्यावरून हात करायचे, "तिकडे आहे." आहे, एवढ्यानेच बरं वाटायचं. तुझ्या गच्चीवर तसंच वाटलं.

पृथ्वीच्या गोलावर पाहिलं, तर टौरंगाच्या जवळजवळ पायाखालीच तुझा मुलूख येतो. सकाळी देवासमोर डोकं टेकतो ते तुझ्याच दिशेने, असं मी मनाशी धरलंय. पण हल्ली दिवा लावतो आणि डोकं टेकायला धजत नाही. का, ते सांगायलाच हे पत्र.

मी तिथे सहज आलो नव्हतो. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलीस, त्याला दीड वर्ष झालं. तुला परत घेऊन यायला आईने मला पाठवलं होतं.

शेजारच्या एन्कार्ना आजी संत्री घेऊन आल्या होत्या, आठवतं? माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. तू सांगितलंस, "बाबा, त्या विचारतायत, मुलीला न्यायला आलात का?"

"सांग त्यांना, संत्री खायला आलोय."

आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तू हसली नाहीस. सोलता सोलता थांबलीस आणि माझ्याकडे पाहत राहिलीस. तेव्हाच विचारायला हवं होतं. पाच दिवस हाताशी होते. पण ऑकलंडच्या फार्मसीतल्या नोकरीवरून तू घरी यायचीस तो विझलेला चेहरा मला आठवत होता, आणि हा निवांत चेहरा समोर होता. धीर झाला नाही.

विमानतळावर आईने बॅगसुद्धा ठेवू दिली नाही. "विचारलंत?"

"हो."

"मग?"

"नाही म्हणाली."

"तोंडावर?"

"गोडीत म्हणाली."

तू कधी न उच्चारलेला नकार मी तुझ्या तोंडी घातला.

त्यानंतर आठवड्याभरात तिच्या छातीत गाठ सापडली. कर्करोग आहे. १८ तारखेला ऑपरेशन. लवकर लक्षात आलं असं डॉक्टर म्हणतात. आई स्वतः नर्स, ती उलट मलाच धीर देते. पण तुला कळवू या म्हटलं तर म्हणाली, "अजिबात नको. नाही म्हणालीय ना ती? मग आजारपण पुढे करून तिला ओढायची नाही. तुम्हाला माझी शपथ आहे."

व्हिडिओवर ती तुझ्याशी अळूवड्यांच्या गप्पा मारते आणि मी शेजारी बसून मान हलवतो.

ती शपथ आज मोडतोय. माझ्या खोट्यावर उभी राहिलेली शपथ देव मोजत नसावा. मोजत असेल, तर त्याचं जे काही असेल ते माझ्यावर येऊ दे, तिच्यावर नको.

आत्ता ती परसात कपडे वाळत घालतेय. आत आली की हे पत्र आधी तिच्या हातात देईन. ती रागावली, नको म्हणाली, तरी फोटो काढून आजच तुला पाठवीन.

तिथे पाच दिवसांत जे विचारलं नाही, ते आता विचारतो. येतेस का? तुझं गाव सोडून नव्हे. आईपाशी, काही दिवस. यायचं नसेल, तर तेही आईला तूच सांग. या वेळी तुझं उत्तर मी देणार नाही.

तुझा अपराधी,
बाबा