बेअरिंगचा पाळणा

३ सप्टेंबर १९७४, भोसरी
नीला दसऱ्याआधी बाळाला घेऊन माहेराहून येणार. तोवर पाळणा तयार पाहिजे. विकतचा नाही. कंपनीच्या भंगारात रिजेक्ट बेअरिंग आणि पॅकिंगच्या फळ्या नुसत्या पडून आहेत. डोकं असलेल्या माणसाला दुकान कशाला लागतं? फक्त पकडलं जायचं नाही. दिवाळीआधी कन्फर्मेशनची, म्हणजे नोकरीत कायम करायची, यादी लागणार आहे. घाबरलेलो नाही. सहज लिहून ठेवलं.

९ सप्टेंबर
पहिलं बेअरिंग डब्यात, उरलेल्या मेथीच्या भाजीखाली. गेटवर खंडू वॉचमननं विचारलं, आज भाजी कसली होती? मेथी म्हणालो, पण आवाज असा चिरकला की तो म्हणाला, भाऊ, आधी पाणी प्या. दोन तांबे प्यालो.

१४ सप्टेंबर
पहिली फळी शर्टाच्या आत, पाठीला. ताठ चालावं लागतं. खंडूनं विचारलं, पाठ धरली का राव? हो म्हणालो. त्यानं आपुलकीनं थाप मारायला हात उचलला. मी पळालो. सायकल गेटवरच राहिली. उद्यापासून फळ्या बंद. जिवापेक्षा पाळणा मोठा नाही.

१६ सप्टेंबर
दुसरी फळी आणली. ही शेवटची.

४ ऑक्टोबर
आठवी आणली. दुसरं बेअरिंगही डब्यातून आलं. झोप उडाली आहे. पित्तामुळे असेल.

१८ ऑक्टोबर
पाळणा झाला! बोट लावलं की कितीतरी वेळ झुलतो, कुरकुर नाही. एका फळीवर कंपनीचं नाव छापलेलं आहे, ती बाजू आत घेतली. नीला आली. म्हणाली, तुमच्या हातात कला आहे हो. बाळ लगेच झोपलं. तेवढ्यात दार वाजलं. मी पाळण्यावर चादर टाकली, बाळासकट. दूधवाला होता.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी
गुरुवारची सुट्टी, पण कंपनीत मशीनची पूजा. आजच्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. नीलाला बजावलं होतं, पेढा घ्यायचा, बोलायचं नाही. पण आमचे फोरमन बबनराव समोर आले आणि तिनं हौसेनं सांगितलं, ह्यांनी बेअरिंगचा पाळणा केलाय, तुमच्या मशीनसारखा चालतो! बबनराव माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, पुढच्या गुरवारी सुट्टीच हाय, बघायलाच येतो. नोकरी गेली. नीला, बाळ आणि मी, तिघं रस्त्यावर.

२५ ऑक्टोबर, पहाटे पाच
उपाय सापडला. सामान जिथून आणलं तिथेच परत ठेवायचं. मग कोण काय सिद्ध करणार? पाळणा खोलला. नीला रडली. बाळही. बायकांना दूरदृष्टी नसते.

२८ ऑक्टोबर
आत जाताना कुणाची झडती होत नाही, म्हणून आज सगळं एकदम. आठही फळ्या, पाठीपोटाला. डब्यात दोन बेअरिंग, भाजीशिवाय. खंडूनं पाठ कशी आहे विचारलं आणि या वेळी थाप मारलीच. खट्ट वाजलं. त्यानं विचारलं, हे कुणाचं? कंपनीचं म्हणावं तर चोर ठरतो. म्हणालो, माझं. घरचं. आईशप्पथ. त्यानं तसंच रजिस्टरमध्ये लिहिलं आणि माझी सही घेतली. सामान भंगारात गेलं. सुटलो.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
बबनराव आले. बाळाला टोपडं आणलं. पाळणा कुठाय म्हणाले. मोडला, म्हणालो. ते खाटेवर बसलेच. म्हणाले, आरं, माझ्या लेकीचं दिस भरत आल्यात, तसाच एक तुझ्याकडनं करून घ्यावा म्हणलं. साहेबाकडनं फळ्यांचा गेटपास पण आणलाय. भंगार मागितलं की देत्यात, तुला म्हाईत न्हाई व्हय?

मग त्यांनी जड हातानं दुसरा कागद काढला. माझं कन्फर्मेशन सहा महिने पुढे ढकललंय. कारण, घरचा कचरा कंपनीच्या आवारात आणून टाकणे. तो कंपनीचाच होता, असं सांगायला तोंड उघडलं. मिटलं. सही केली.

ते गेल्यावर नीलाला म्हणालो, चोर तर ठरलो नाही ना! ती बाळाला पायांवर घेऊन गुडघे हलवत बसली होती. म्हणाली, हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय.