दिवाळीचा पाचवा किल्ला

७ ऑक्टो., मंगळ.
ऑफिस. घरी येऊन आमटी-भात. इराने अर्धा टाकला. नववीतली मुलगी, किती बोलायचं.
बाल्कनीतलं कपाट उघडलं. चारही किल्ले तसेच, धूळ बसलेली. इथे आखातात, अल कुसैसला माती कुठली, मावळे कुठले. पहिल्या दिवाळीला मेधा म्हणाली होती, "किल्लाच हवा ना? मग इंग्रजांचा करू, पुठ्ठ्याचा." आर्किटेक्ट बायको. आधी नॉर्मन, जाड भिंती, गोल कमानी. मग गॉथिक चर्च, टोकदार कमानींचं. मग काळ्या पट्ट्यांचं ट्यूडर घर. गेल्या वर्षी जॉर्जियन, दोन्हीकडे मोजून सारख्या खिडक्या. क्रम मोडायचा नाही, हा तिचा नियम.
यंदा व्हिक्टोरियन करायचं होतं. मार्चमध्ये ती गेली.

११ ऑक्टो., शनि.
पुण्याहून आईचा फोन. "वर्षाच्या आत सण नसतो रे. कंदील नको, किल्ला नको." हो म्हटलं.
इरा ऐकत होती. "इट्स जस्ट कार्डबोर्ड, बाबा." खोलीचं दार लावून घेतलं.

१७ ऑक्टो., शुक्र.
रोल्लाच्या बाजारात जाऊन पुठ्ठा, गोंद, विटकरी रंग आणला. दुकानदार : "बच्चे का प्रोजेक्ट?" हां म्हटलं. आईला सांगितलं नाही.

१९ ऑक्टो., रवि.
इरा क्लासला. खिडक्या कापत बसलो. ती आली, बघितलं आणि हसली. मार्चनंतर पहिल्यांदाच.
"बाबा! यू मेड गॉथिक अगेन. ते झालंय."
खरंच, सगळ्या टोकदार. पुठ्ठा टाकायला उठलो तर तिने हात धरला.
"वेट. आई म्हणायची, व्हिक्टोरियन लोकांनी गॉथिक परत आणलं."
"होतं तसंच?"
"नाही ना. नुसता शेप तो. बाकी सगळं न्यू."
मग रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा. पुठ्ठा टाकला नाही.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन.
भिंती रंगवून झाल्या. छप्पर कापून तयार आहे, इरा लावू देत नाही.
"हे पूर्ण झालं, मग नेक्स्ट इयर पुढचं करावं लागेल."
पुढची शैली कोणती, मेधाने सांगितलं नव्हतं. शोधलं तर सापडेल. म्हटलं, बघू का? "डोन्ट. प्लीज."
छप्पर कपाटावर ठेवलं.
समोरच्या वहिनी फराळ देऊन गेल्या. दारातूनच. "तुमच्याकडे नसेल ना यंदा, भाऊजी." इरा त्यांच्या मुलीबरोबर खाली पणत्या बघायला गेली. मीच जा म्हटलं.
चकल्या ताटात काढल्या, डबा धुऊन पुसला. डबा रिकामा परत करत नाहीत. मेधा साखर घालायची. साखर कुठे ठेवते ते आठवेना. दोन कपाटं उघडली, सापडली. मूठभर घातली, झाकण लावलं.