काट्याची शाबासकी

१४ ऑगस्ट

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चष्म्याच्या दुकानात तू आता एकटीनं नंबर काढतेस, हे वाचून ऊर भरून आला. गिऱ्हाइकांना आंधळं केलं नाहीस म्हणजे मिळवलं!

माझं म्हणशील, तर शाळेत पहिला येणारा मी इथे कॉलेजात कुणाच्या खिजगणतीतही नाही. गणिताच्या पहिल्याच चाचणीत नापास झालो. आईबाबांना बोलू नकोस. एक मात्र जमतंय. रोज पळायला जातो, संध्याकाळचं जेवण सोडलंय. पँट ढगळ होऊ लागलीय. वर्गातल्या ज्या मुली माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या, त्या परवा विचारत होत्या की तू केलंस तरी काय!

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा धाकटा

२ ऑक्टोबर

चि. सोन्यास,
अ. उ. आ.

तुझा फोटो आईनं शेजारीपाजारी मिरवला. मुलगा कसा रुबाबदार दिसायला लागला, असं सगळे म्हणाले. मला मात्र बसलेली गालफडं दिसली. चष्म्याच्या दुकानात काम करते, तेव्हा माझी नजर अधू आहे म्हणायची सोय नाही! नापास झालास म्हणून आभाळ कोसळलं नाही रे. उपाशीपोटी कुणाचं गणित सुटलंय? दिवसभरात काय खातोस ते खरं कळव.

काळजीत,
तुझी ताई

२० नोव्हेंबर

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

मी तुमच्या भावाच्या खोलीत राहतो. ओळख नसताना लिहितोय, राग मानू नये. नीट जेवतो असं तो तुम्हाला कळवतो, ते खरं नाही. खानावळीत अन्न चिवडत बसतो, ताट तसंच सोडून उठतो. कधी मात्र कपाटातली सगळी बिस्किटं एकदम खातो आणि मोरीत जाऊन घशात बोटं घालतो. मी बोललो तर आठवडाभर अबोला. आज प्रयोगशाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल? सलाइनमध्ये साखर असते का.

तुम्ही लगेच निघा. आधीच लिहायला हवं होतं.

आपला नम्र,
खोलीतला सोबती

१५ डिसेंबर

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू निघालीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला इथे रुग्णालयात भरती करून माझी एकुलती एक कमाई तू हिसकावलीस, असं वाटत होतं.

हृदय अशक्त झालंय, असं डॉक्टर म्हणतात. वर्ष तर गेलंच. इथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, तुला स्वतःतलं काय आवडतं? नापास झाल्यापासून मी स्वतःला कवडीमोल वाटत होतो गं. वजनाचा काटा खाली आला की तेवढीच शाबासकी. मग तो कितीही खाली आला तरी पुरेना.

बाबा आले होते. घरी चल, परीक्षेचं नंतर बघू, म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आज अर्धी वाटी भात खाल्ला आणि रडलो. नर्सबाई शेजारी बसून राहिल्या.

रविवारी तू आणि आई येणार. एकच मागतो. बरा दिसतोस, असं म्हणू नका. कुणी तसं म्हटलं की मला जाडा झालास एवढंच ऐकू येतं, आणि पुढचा घास उतरत नाही. काही बोलू नका. नुसत्या जवळ बसा.

लोभ असू दे, आहे तशा माझ्यावर.
तुझा धाकटा