घोंगडीवरचा पराग

६ मार्च
डोंगरातल्या आमच्या गावाहून, मोखोटलाँगहून कामावर परत आलो. बसनं हाडं खिळखिळी केली. आईचा गांजा मक्याच्या आडून डोक्याएवढा झालाय. पुढच्या पेरणीला बी हवं म्हणून तिथं नर झाडं राखतात. इथं मी राबतो त्या औषधी गांजाच्या कंपनीच्या काचघरात नर दिसला की उपटायचा — पराग पडला की मादीच्या फुलात बी भरतं, माल फुकट. झाड तेच! इथं परवाना म्हणून औषध, आईकडं गुन्हा.

७ मार्च
पाऊस, गारठा. कपडे बदलूनच काचघरात जायचा नियम आहे. पण आम्हा डोंगरातल्यांच्या अंगावरची घोंगडी कधी उतरते? तशीच ओढून शिरलो.

१२ मार्च
जेवताना माझ्यासोबत काचघरात काम करणाऱ्या लेबेकोकाकांशी पुन्हा जुंपली. मी म्हटलं, गांजा सगळ्यांनाच लावू द्या. त्यांचा पोरगा गांजापायी भ्रमिष्ट झालाय, उन्हात दगडांशी बोलत बसतो. काका म्हणाले, बंदीच करा — कंपनीला, तुझ्या आईला, सगळ्यांना. आमचं जेवण आणते ती मामेल्लोमावशी, कुंपणापलीकडं तिचं गांजाचं शेत. तिनं काकांना टोमणा मारला, "मग इथला पगार बरा गोड लागतो रे तुला!" काका हसले. पण ‘सगळ्यांना लावू द्या’ हे त्यांच्या पोरासमोर मी तरी कसं म्हणणार?

३१ मार्च
फुलात बी! अख्खं काचघर वाया. साहेब म्हणतो, मावशीच्या शेतातून वाऱ्यानं पराग आला. परवा पोलीस शेत जाळणार. अहो, तिचं पीक गारपिटीनं मागं पडलंय, अजून फूलसुद्धा नाही! मग घोंगडी आठवली. आईच्या शेतात नर झाडांमधून दिवसभर तीच अंगावर होती.

१ एप्रिल
बोललो तर साहेब विचारणार, कुणाच्या शेतातला पराग? म्हणजे पोलीस आईकडं. गप्प बसलो तर मावशीचं वर्ष राख. काकांना सगळं सांगितलं. ते काडीनं मातीत रेघोट्या ओढत राहिले. उद्या बोलायचंच.

२ एप्रिल
साहेबाच्या दारात गेलो, तर काका बाहेर येत होते. डोंगरात मयताला गेलो होतो, पराग आणणारी घोंगडी माझीच, वाटेत कुठल्या शेतात लागला ठाऊक नाही, असं सांगून आले. काम गेलं त्यांचं. मावशीचं शेत वाचलं. मी म्हटलं, तुम्हाला तर बंदी हवी होती ना?

"अजून हवीय," काका म्हणाले. "पण मला शेतच नाही, पोरा. माझं जाळतील काय?"