दुपारची गोष्ट

शिरूर कासार
८ सप्टेंबर २०२५

ती. योगितावहिनींना,
स्वप्नाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं समदे खुशाल, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. पत्र बघून तुमाला वाटंल, हिच्या फोनला काय धाड भरली? पण वहिनी, फोनवर आपण दोघी काय बोलतो ते तुमालाच ठाऊक. तुमी हॅलो म्हणता, मी हॅलो म्हणते, आन मग एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. त्यापरीस कागद बरा. पाकिटावर नाव घालताना हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला. ते फाडलं, दुसरं आणलं. रडू आलं न्हाई. आजकाल येतच न्हाई. दाढ काढल्यावर गाल कसा आपला नसल्यावानी लागतो, तसं समदं अंग झालंय.

दादा पंचमीला मला मुराळी म्हणून न्यायला निघाला आन बीडच्या पुढं ट्रकखाली गेला, त्याला सव्वा महिना झाला. माणसं अजून भेटायला येतात आन तेच उगाळतात, की रोजचा रस्ता सोडून बंकट त्या तलावाच्या रस्त्यानं कशापायी गेला, अशी कशी वाट चुकला. मी चहा ठेवते. दुसरं काय करणार?

लिहायचं कारण आमची पोर संस्कृती. तिसरीच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. म्हणाल्या, पोरगी वर्गात तोंडच उघडत न्हाई, नुसती मान हलवती. तिला गोष्टी वाचून दाखवा म्हणजे हळूहळू बोलंल. आता ही मूळची गोष्टीची येडी, तुमाला ठाऊकच हाय. पण मी पुस्तक काढलं की ती उठून गोठ्यात जाती आन म्हशीपाशी बसून राहती. घरातली पुस्तकं जुनी झाली म्हणावं तर नवी कुठून आणू? नेटवर शोधायला गेले तर आधी कर्जाची जाहिरात आली, मग एक बाई नाचायला लागली. तुमी दिंद्रुडच्या वाचनालयात इतकी वर्षं पुस्तकात काढली. मुलांच्या चांगल्या गोष्टी, नावाजलेली पुस्तकं, त्यांची माहिती फोनवर कुठं सापडती, तेवढं सांगा. पोरगी अशीच मुकी राहिली तर मी काय करू, मला खरंच कळंना झालंय.

जेवता का? खोटं लिहू नका, मी प्रियदर्शनीला विचारीन.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
स्वप्ना


दिंद्रुड
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. स्वप्नावन्संना,
योगिताचे अ. उ. आ.

पत्र पोचले. जेवते. प्रियदर्शनी पाच वर्षांची आहे, पण आईच्या ताटासमोर सासूसारखी बसते. उठूच देत नाही.

तुमचे काम केले. नुसते 'मुलांच्या गोष्टी' असे शोधू नका, त्यात सगळा कचरा येतो. मुलाचे वय टाका, पुस्तकाचे नाव टाका, नाव आठवत नसेल तर त्यातला प्राणी टाका. चित्रांची पुस्तके फुकट वाचू देणाऱ्या दोन-तीन चांगल्या जागा आहेत, त्यांत मराठीही भरपूर आहे आणि अक्षर मोठे आहे. काही मंडळी गोष्टी वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवतात, त्या नुसत्या ऐकायच्या. एका शिक्षिकेने तर लोकप्रिय बालपुस्तकांची माहिती एका ब्लॉगवर गोळा केली आहे. पुस्तक कशाबद्दल आहे, कितव्या वर्षी द्यावे, कुठे ऐकायला मिळते, सगळे नीट लिहिले आहे. बाई हौशी दिसते. जिथे उघडताक्षणी मोबाइल नंबर मागतात तिथून मात्र उलट्या पावली फिरा. लिंका तुमच्या फोनवर टाकल्या आहेत.

हे सगळे मी वाचनालयात बसून उघडून पाहिले. सिंहाच्या आयाळीत उवा होतात, सगळे जंगल हसते, मी पुढचे पान काढते. चांगल्या गोष्टी आहेत एवढे कळते. आत काही जात नाही.

ह्यांच्या दुकानात लोकांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तशाच पडून आहेत. रिवाइंडिंगला दिलेल्या. लोक दारात येतात, चपला न काढता उभे राहतात आणि विचारायला लाजतात. मीच किल्ली पुढे करते आणि सांगते की ज्याने त्याने आपापली ओळखून न्यावी. परवा एकाने दुसऱ्याची नेली. ती परत आणताना तो माझ्यासमोर रडला. मी त्याला पाणी दिले.

संस्कृतीवर जबरदस्ती करू नका. तिच्या कलाने घ्या.

आपण दोघी एकमेकींना धरून राहू.
योगिता


शिरूर कासार
२७ सप्टेंबर २०२५

ती. वहिनींना,
स्वप्नाचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी, पोरगी बोलली! तुमच्या लिंका आल्यापासून मी रोज दुपारी फोन तिच्यापुढं धरायची, आन ती असं बघायची जसं काय मी इंगळ हातावर ठेवायलेय. मी म्हणलं, जाऊ दे, खड्ड्यात गेल्या गोष्टी. मग परवा दिवेलागणीला मी तुळशीपाशी दिवा लावून उठले, तर ही आपण होऊन आली आन म्हणाली की मामीला सांग, मला घंटा गिळलेल्या शेळीची गोष्ट पायजे. दोन महिन्यांत पहिल्यांदा अख्खं वाक्य. माझ्या हातातली काडेपेटी पडली.

ते पुस्तक तुमाला माहीतच असंल, घरोघरी पोरांकडं हाय. शेळी देवळाची घंटा गिळती आन मग श्वास घेतला की टणटण वाजती, ते. आमच्याकडचं फाटलं. पण हिला पुस्तक नकोच. तिला फोनवर ऐकलेली हवी, आन तीही एका म्हाताऱ्या बाबाच्या आवाजातली, जो मधीमधी खोकतो. मी दुसऱ्या एका बाईनं वाचलेली लावली, लई गोड आवाज होता बघा, तर ही मान हलवून उठली. चित्रांची दाखवली, तीही नको. तोच बाबा पायजे, तोच खोकला पायजे. आन ऐकणार ती दिवा लागल्यावरच. मी लई शोधलं, जिथं ऐकली होती तिथं ती आता दिसतच न्हाई.

आमच्या सासूबाई म्हणतात, पोरगी हट्टाला पेटली. मी म्हणते, पेटू दे की! कशाला तरी पेटली. वहिनी, एवढी एक गोष्ट हुडकून द्या.

तुमच्यावर भिस्त ठेवून बसलेली,
स्वप्ना


दिंद्रुड
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. स्वप्नावन्संना,
योगिताचे अ. उ. आ.

सापडली. त्या चॅनेलने आपले नाव बदलले आहे आणि गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या आहेत, म्हणून तुम्हाला दिसली नाही. त्या हौशी शिक्षिकेच्या पानावर पुस्तकाच्या माहितीखाली नवी लिंक होती. मागची पाने उलटत बसले तेव्हा मिळाली. तुमच्या फोनवर पाठवली आहे. सुरुवातीच्या दोन गोष्टी सोडून पुढे जा.

म्हाताराच आहे. खोकतोही. खात्री करण्यासाठी पूर्ण ऐकली. शेळी शेवटी घंटा परत देत नाही, गावच तिला देवळात ठेवून घेते. प्रियदर्शनी माझ्याबरोबर ऐकत होती, ती पोट धरून हसली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. मलाही हसू यायला हवे होते, हे समजत होते.

संस्कृती बोलू लागली तर लगेच कळवा. कुणाचे तरी काही चांगले झालेले ऐकावेसे वाटते.

वाट पाहत असलेली,
योगिता


शिरूर कासार
१४ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींना,
स्वप्नाचा शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू? जसं झालं तसं लिहिते.

लिंक आली त्या राती संस्कृतीनं गोष्ट ऐकली. हसली न्हाई, रडली न्हाई. धडा पाठ करावा तशी ऐकली आन झोपली. सकाळी लवकर उठली, आंघोळ केली, पंचमीसाठी घेतलेला फ्रॉक घातला. मी विचारलं शाळेला हा फ्रॉक कावून, तर म्हणाली असाच. दुपारी रसवंतीवाल्याचा निरोप आला की तुमची पोरगी सकाळपासून एसटी स्टँडवर बसलीय, बोलवलं तरी उठंना. मी तशीच पळत गेले. बाकड्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. विचारलं तर म्हणाली, मामाला न्यायला आले.

मग तिथंच समदं बाहेर पडलं. पंचमीच्या दिवशी भर दुपारी ती माझ्या फोनवर ती शेळीची गोष्ट ऐकत होती. सासूबाईंनी हटकलं की दिवसा गोष्ट ऐकू नको, मामा वाट चुकतो. आपल्याकडं समदेच म्हणतात, तुमालाही तुमच्या आईनं म्हणलं असंल. पोरीला गोष्ट लई आवडली होती, तिनं पुरी ऐकली. सांजच्याला दादाची बातमी आली. आन मग तेरा दिवस जो येईल तो तिच्यादेखत म्हणायचा, बंकट वाट चुकला. वहिनी, पोरीनं दोन्ही जोडलं! म्हणून ती गप होती. मग तिच्याच डोक्यानं ठरवलं, की दिवसा ऐकलेली तीच गोष्ट, त्याच आवाजात, राती ऐकली की फिटंल, आन मामाला वाट सापडंल.

सासूबाई पदर तोंडात घालून बसल्यात. म्हणतात, मी नुसता फोन खाली ठेवावा म्हणून बोलले, मला माझ्या आजीनं म्हणलं तसं. कुणाला बोल लावू?

मी तिला सांगितलं की हे खोटं असतंय. तिनं विचारलं, कशावरून? मी तिचं दप्तर खांद्याला लावलं. तिला कडेवर घेऊन घरी आणलं आन भाकरीचं पीठ मळलं. मला रडू यायला पायजे होतं. तेव्हाही आलं न्हाई.

आता पुन्हा मुकी झालीय, पहिल्यापरीस जास्ती. माझं ती ऐकंना. तुमी तिला सांगा. तुमी दादाच्या, आन पुस्तकाच्या. तुमच्यावर तिचा इस्वास बसंल.

हात जोडते.
स्वप्ना


दिंद्रुड
२४ ऑक्टोबर २०२५

चि. संस्कृतीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

आईने मला सगळे लिहिले. दिवसा गोष्ट ऐकली तर मामा वाट चुकतो हे खोटे कशावरून, असे तू विचारलेस. बरोबर विचारलेस. मोठी माणसे म्हणतात म्हणून मान डोलवायची नाही.

आधी तुझ्या मामाचे. तो वाट चुकला नव्हता. रोजचा रस्ता खोदून ठेवला होता म्हणून तो तलावाच्या रस्त्याने जाणार होता, आणि निघताना मला तसे सांगून गेला होता. पुढून ट्रक आला. मामा वारला. लोक वाट चुकला म्हणतात, कारण वारला म्हणायला जीभ उचलत नाही. माझीही उचलत नव्हती. पण तुला कोणीतरी नीट सांगायला हवे होते. तू रात्री कितीही गोष्टी ऐकल्यास तरी तो येणार नाही. आणि तू दुपारी गोष्ट ऐकलीस म्हणून तो गेला नाही.

हे तू नुसते माझ्या सांगण्यावर मानू नकोस. मी करून पाहिले. काल भाऊबीज होती. आपल्याकडे यंदा दिवाळी नाही, तरी माझा भाऊ बिभीषण, म्हणजे प्रियदर्शनीचा मामा, युसूफ वडगावहून मोटारसायकलवर मला भेटायला येणार होता. निघण्याआधी मी त्याला फोन करून सांगितले की तू रस्त्यात असताना मी तुझ्या भाचीला गोष्ट सांगणार आहे, चालेल का. तो हसून म्हणाला की एक कशाला, दोन सांग, टायर नवे आहेत.

सूर्य डोक्यावर आल्यावर मी प्रियदर्शनीला अंगणात मांडीवर घेतले आणि शेळीची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. मोठ्याने सांगितली. शेजारच्या बायनाबाई भिंतीवरून ओरडल्या की अगं, कपाळ एकदा फुटले ते कमी झाले का, भाऊ रस्त्यात आहे ना तुझा! मी थांबले नाही. पण आवाज कापत होता. माझा ह्या म्हणण्यावर काडीचा विश्वास नाही, संस्कृती, आणि तरी आवाज कापत होता.

गोष्ट संपली आणि बिभीषण आला नाही. यायची वेळ टळून गेली. फोन उचलेना. तुझा मामा गेल्यापासून मला कशाचेच काही वाटत नव्हते, भूक नाही की भीती नाही. काल दारातल्या पायरीवर बसले आणि मला इतकी भीती वाटली की प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला उठून रस्त्यापर्यंत जाऊन आले. तुला इतके दिवस असे वाटत होते, हे मला तेव्हा कळले. एवढीशी तू, आणि कुणाला बोलली नाहीस.

मग तो आला. धारूरच्या घाटात सीताफळे निवडत बसला होता, आणि फोन पिशवीच्या तळाला. मी त्याला अशी तोंडाला येईल तशी बोलले की गल्ली गोळा झाली. आणि मग तिथेच अंगणात रडले. पहिल्यांदा रडले. त्याला काही कळेना. तो पिशवी हातात धरून उभाच राहिला.

प्रियदर्शनीने त्याला ती गोष्ट पुन्हा सांगितली. तेव्हाही चांगले ऊन होते. आज सकाळी तो परत गेला आणि पोचल्याचा फोन आला.

आजीवर रागावू नकोस. तिलाही कोणी करून दाखवले नव्हते.

तुझा पापा घेते.
तुझी मामी


शिरूर कासार
१२ नोव्हेंबर २०२५

ती. मामीला,
संस्कृतीचा नमस्कार.

तुझं पत्र आई मला वाचून दाखवत होती. मधीच थांबली. मग उरलेलं मीच वाचलं. आई लई रडली. आजी पण रडली. मी दोघींना पाणी दिलं. मग मला पण रडू आलं, पण तेव्हा पाणी द्यायला कुणी नव्हतं म्हणून मीच घेतलं.

आता शाळा सुरू झालीय. काल बाईंनी विचारलं की गोष्ट कोण सांगणार. मी हात वर केला. बाई खुर्चीवरून उठल्या आन मला पुढं घेतलं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास होता, ऊन लई होतं. मी म्हणलं सांगते, पण थांबा. मग मी समद्यांना विचारलं की कुणाचा मामा आज रस्त्यावर हाय का. तू करून बघितलंस ते खरं हाय, पण एकदाच बघितलंस.

बजरंगचा मामा कारखान्याला ट्रॅक्टर घेऊन गेलाय. शिवकन्याचे दोन मामा ऊसतोडीला कर्नाटकात निघालेत. अजून चार जणांचे हायेत. त्या समद्यांना मी कानात बोटं घालायला लावली. लांबचा रस्ता हाय ना. बजरंगनं मधीच एक बोट काढलं, मी त्याला परत घालायला लावलं.

मग मी शेळीची गोष्ट समदी सांगितली. खोकून पण दाखवलं. पोरं हसली.

गोष्ट झाल्यावर शिवकन्या म्हणाली की दुसऱ्यांना बोटं घालायला लावते आन तू कावून न्हाई घातलीस. मी म्हणलं, मला न्हाई लागत. माझा मामा वारला.

प्रियाला माझ्याकडनं एक गोड पापी.
तुझी,
संस्कृती